यादीत नसलेलं इंदापूर

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

रक्तपेढीच्या सर्व्हरवर आज डेटाबेसची नवी आवृत्ती चढवली. दीडला बसले, चारला मोकळी. जुनी आवृत्ती सहा वर्षांची होती आणि तिला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. मी सगळा डेटा आधी बाजूला काढला, नवीन चढवली, डेटा परत घातला, मग बारामतीतली पाचही मशीन एकेक करून तपासली. काउंटरचं, तपासणीच्या खोलीतली तीन, रक्तपेढीच्या प्रमुख डॉक्टर मंदाकिनीबाईंचं. सगळी जोडली गेली.

घरी बाबांनी विचारलं, म्हणजे नेमकं काय केलंस. म्हटलं, गाडी तीच, इंजिन नवीन. ते त्यांना इतकं आवडलं की संध्याकाळी फाटकाशी उभं राहून शेजाऱ्यांना तेच सांगत होते. पुण्यातली नोकरी मी सोडली असं त्यांना वाटतं. तिथून मला काढलं हे अजून सांगितलेलं नाही. आज तरी ते सांगायची गरज वाटली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

नऊलाच इंदापूरहून महिपतीकाकांचा फोन. इंदापूरला आमचं साठवणूक केंद्र आहे, म्हणजे एक खोली, दोन फ्रीज, एक कॉम्प्युटर आणि महिपतीकाका. इथून रक्ताच्या पिशव्या जातात, तिथल्या दवाखान्यांना ते देतात आणि दिल्या की कॉम्प्युटरवर नोंद करतात. ती नोंद थेट आमच्या सर्व्हरवर येते. काका दोन वर्षांनी रिटायर होतील. एका बोटाने टाइप करतात.

"मॅडम, आज आत घेत न्हाय ते."

"नेट आहे का?"

"नेट हाय. त्याच वायफायवर मोबाईलवर पेपर दिसतुया. हितं पडद्यावर कायतरी लिवलंय, वाचून दावतो. नो... मग पी, जी, आन कायतरी... एन्ट्री... फॉर... होस्ट..."

मला हसू आलं. पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर लावून वाचत होते. म्हटलं, "काका, ते इंग्रजी राहू द्या. राउटर बंद करा, दहापर्यंत मोजा आणि चालू करा."

त्यांनी तीनदा केलं. नाही झालं. त्या बाजूचं नेट नेहमी असंच असतं. उद्या नेटवाल्याला पाठवते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नेटवाला म्हणतो लाइन चोख आहे. हे लोक नेहमी तेच म्हणतात. मी त्याला वायर बदलायला लावली, राउटर बदलायला लावला. दिवसभर फोनवर. इथे सगळं व्यवस्थित चालू आहे, म्हणजे दोष तिकडचाच, हे सांगून सांगून तोंड दुखलं.

चारच्या आधी काकांचा पुन्हा फोन. ट्रॅक्टरच्या अपघातातल्या कुणाला तरी ओ निगेटिव्हच्या दोन्ही पिशव्या दिल्या, हितनं नोंद हुईना, तुमी तितनं करता का, असं म्हणत होते. मी करते म्हटलं. पाठोपाठ परत, "पडद्यावरचं ते एकदा आयकता का मॅडम?"

म्हटलं, "काका, मला माझं काम करू द्या."

बुधवार, १२ नोव्हेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहून होणार नाही.

सकाळी दहाला इंदापूरच्या एका दवाखान्यातून काउंटरला फोन आला. बाळंतपण आहे, सिझेरियन करायचं, पेशंट ओ निगेटिव्ह, इंदापुरात रक्त आहे का. काउंटरवर दीप्ती असते. तिने पडद्यावर बघितलं आणि सांगितलं, दोन पिशव्या आहेत. तेवढ्यावर त्यांनी पेशंटला बारामतीला न पाठवता तिथेच ऑपरेशन केलं.

सव्वा वाजता काकांचा मला फोन. "मॅडम, एक माणूस आलाय, ओ निगेटिव्ह मागतुय. आपल्याकडं न्हाय. सकाळच्या गाडीत पिशव्या आल्या न्हाईत. काल नोंद क्येली न्हवती का?"

मी पडदा बघितला. इंदापूर, ओ निगेटिव्ह, दोन. मी काल नोंद केलीच नव्हती. केली असती तर साठा शून्य दिसला असता, आणि शून्य दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत आपोआप दोन पिशव्या जातात.

मंदाकिनीबाईंना एवढंच म्हणाले की पडद्यावरचा आकडा चुकीचा आहे. त्यांनी कारण विचारलं नाही. दहा मिनिटांत पेटी भरून गाडीत ठेवली. मी म्हटलं, मीही जाते, तिथलं कनेक्शन बघायचंय. लासुर्ण्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या एकीमागे एक होत्या आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. मी पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ती मांडीवर घ्यायची काही गरज नव्हती. पोचलो तेव्हा तीनला दहा कमी होते.

दवाखान्याच्या दारात पेशंटचा नवरा महिपतीकाकांवर ओरडत होता. "नुसता फ्रीज राखायला ठेवलंय व्हय तुमाला? हाय म्हनून सांगता आन हात वर करता?" काका खाली मान घालून उभे होते. पायरीवर एक म्हातारी बसली होती, सासू असावी. मी पेटी आत दिली. मी कोण हे कुणी विचारलं नाही.

मग काका आणि मी केंद्रावर आलो. कॉम्प्युटर चालूच होता. पडद्यावर तो संदेश होता, तीन दिवस होता तोच. मी तो पहिल्यांदा वाचला आणि एका क्षणात सगळं कळलं.

आपल्याशी कुठल्या कुठल्या मशीनने बोलायचं याची सर्व्हर एक यादी ठेवतो. यादीत नसेल त्याला आत घेत नाही. जुन्या आवृत्तीच्या यादीत इंदापूरची ओळ होती. नवीन आवृत्ती आली ती कोऱ्या यादीनिशी. मी रविवारी बारामतीच्या ओळी भरल्या आणि इंदापूरची विसरले. संदेश इतकंच म्हणत होता, की या पत्त्याच्या मशीनची माझ्या यादीत नोंद नाही. म्हणजे वायर ठीक, नेट ठीक, राउटर ठीक. काकांचं मशीन दर वेळी सर्व्हरच्या दारापर्यंत पोचत होतं आणि सर्व्हर दर वेळी स्पष्ट उत्तर देत होता. काकांनी मला सोमवारी नऊ वाजताच ते वाचून दाखवलं होतं.

मी म्हटलं, "काका, जरा चहा सांगून येता का?"

ते गेले. मी फोनवरून सर्व्हरवर शिरले, एक ओळ लिहिली, यादी पुन्हा वाचायला लावली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काका चहा घेऊन आले तेव्हा पडद्यावर साठा दिसत होता.

"झालं व्हय? काय हुतं मॅडम?"

"इकडचंच होतं. वायर सैल होती."

काकांनी वायरीकडे बघितलं. कालच बदललेली, नवी कोरी, निळी. मग माझ्याकडे बघितलं.

"व्हय," म्हणाले आणि चहाचा कप माझ्यापुढे ठेवला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

पेशंटचं नाव नकोशी. वय बावीस, गाव लासुर्णे. ती आणि मुलगी दोघी वाचल्या. रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भपिशवी काढावी लागली.

दीप्तीने हे सांगितलं तेव्हा मी काहीतरी टाइप करत होते. टाइप करतच राहिले. नंतर बघितलं तर एकच अक्षर ओळभर होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

मंदाकिनीबाईंच्या खोलीत चौकशी. विश्वस्त मंडळातले दोघे, बाई, महिपतीकाका आणि मी. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि खुर्चीच्या कडेवर बसले होते.

बाईंनी आधी मलाच विचारलं, "अश्लेषा, रविवारी तू सर्व्हरवर काम केलंस. त्याचा याच्याशी काही संबंध?"

"नाही मॅडम. इथे सगळं सुरू होतं."

दुसरं वाक्य खरं होतं. खरं वाक्य जोडलं की खोटं सोपं जातं, हे मला आज कळलं.

एका विश्वस्तांनी काकांना विचारलं, "कॉम्प्युटर बंद होता हे मान्य. पण पिशव्या दिल्याचं तोंडी तरी कळवायचं."

"कळवलं हुतं साहेब. फोन केला हुता."

"कुणाला?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. एखाद्याला आधी बोलायचं असेल म्हणून आपण थांबतो ना, तसे ते थांबले. पंख्याचा आवाज येत होता. मी समोरच्या कागदावरची तारीख वाचत राहिले.

"हाफिसात," काका म्हणाले.

"ऑफिसात कुणाला?"

"आता नीट ध्यानात न्हाय."

निर्णय असा झाला की चौकशी पुरी होईपर्यंत महिपतीकाका सक्तीच्या रजेवर. जाताना त्यांनी दारात वळून सगळ्यांना नमस्कार केला. मलाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

काल दिवसभर डोकं दुखतंय म्हणून पडून होते. आई दोनदा बाम घेऊन आली. डोकं दुखत नव्हतं.

स्वतःची समजूत घालून बघितली. डेटा एकही नोंद न गमावता नेला होता. यादी विसरणं कुणाकडूनही होतं. पण यादीचं मला फारसं काही वाटत नाहीये हेच खरं. ते "करते" म्हणून न केलेलं. ते हसणं. आणि ती वायर. वायर सैल होती हे वाक्य मला सुचलं कसं, इतक्या पटकन?

सोमवार, १७ नोव्हेंबर

काकांच्या जागी तात्पुरती एक मुलगी पाठवायची, तिला सगळं दाखवायला मी इंदापूरला गेले. टेबलाच्या खणात शिक्के होते, पेन होते आणि दोनशे पानी वही होती. मुलीने विचारलं, ही कसली. म्हणून उघडली.

काका रोजच्या सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर करून पुन्हा वहीत करत असत. नऊ तारखेपर्यंत फक्त पिशव्या. दहापासून वेगळं सुरू होतं. सकाळी ८.५०, लागले नाही. ९.०५, मॅडमना फोन, राउटर तीनदा. ९.४०, लागले नाही. दर नोंदीखाली पडद्यावरचा तो संदेश उतरवलेला, मोठ्या इंग्रजी अक्षरात, आकड्यांसकट, एकही टिंब न गाळता. मी मोजलं. सव्वीस वेळा. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता. कधीतरी कुणीतरी विचारेल म्हणून उतरवून ठेवत होते.

आणि अकरा तारखेला, दुपारी ३.४०: ओ निगेटिव्ह २ दिल्या. मॅडमना फोनवर सांगितले. करते म्हणाल्या.

ही वही त्यांना शुक्रवारी बारामतीला आणता आली असती.

मुलगी म्हणाली, "मॅडम, ठेवू का परत?" मी हो म्हटलं आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. वही घेऊन जावी आणि कुठेतरी नाहीशी करावी असं माझ्या मनात येऊन गेलं. एकदाच आलं, पण आलं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे मी स्वतःला फार चांगली समजायला लागले तर उपयोगी पडेल.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी दोन पानं लिहिली. तारीख, वेळ, काय केलं, काय विसरले, काय ऐकलं नाही, कुणाशी काय खोटं बोलले. इंदापूरच्या मुलीकडून मागवलेले काकांच्या वहीतल्या पानांचे फोटो जोडले. मंदाकिनीबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि उभी राहिले. त्या बस म्हणाल्या नाहीत.

त्यांनी सगळं वाचलं. दुसरं पान वाचून पुन्हा पहिल्यावर गेल्या.

"मला शुक्रवारीच शंका होती," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुला आधी विचारलं. तू सांगशील असं वाटलं होतं."

"चुकले मॅडम."

"चूक रविवारची. शुक्रवारचं काय म्हणायचं?"

मी विचारलं, रक्त वेळेवर मिळालं असतं तर नकोशीची गर्भपिशवी वाचली असती का? त्या म्हणाल्या, "वाचली असती असं मी सांगू शकत नाही. नसती वाचली असंही सांगू शकत नाही. दीड तास उशीर झाला, एवढं नक्की. हेच तुला बरोबर घेऊन राहावं लागेल, यापेक्षा सोपं काही मी देणार नाही."

काकांची रजा आजच रद्द झाली. सर्व्हरचं काम माझ्याकडून काढलं. दुसरा माणूस मिळेपर्यंत त्याच्यासाठी सगळं लिहून ठेवायचं, मग विश्वस्त ठरवतील. नकोशीच्या घरच्यांना संस्थेकडून पत्र जाईल. मी म्हटलं, पत्राआधी मी जाते. "ते तुझं तू ठरव," म्हणाल्या.

घरी बाबांना सांगितलं. हेही आणि पुण्याचंही. ते टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जेवून घे."

बुधवार, १९ नोव्हेंबर

महिपतीकाकांच्या घरी गेले, इंदापूरला. ते अंगणात सायकलच्या चाकात हवा भरत होते. मला बघून पंप ठेवला, आतून खुर्ची आणली, स्वतः ओट्यावर बसले. मी ठरवलेलं सगळं बोलले.

"तुम्हाला माहीत होतं ना काका?"

"वायर म्हनला तवाच कळलं. माझ्याम्होरं बदलल्याली वायर."

"मग चौकशीत का नाही सांगितलं?"

"तुमी हुता की तितं. तुमचं तुमी सांगाल वाटलं." त्यांनी हाताला लागलेलं काळं पायजम्याला पुसलं. "मॅडम, रजेचं मला कायबी न्हाय. पंधरा दिस घरी बसलो असतो. त्या मानसानं शिव्या घातल्या, त्येचं बी न्हाय, त्येची बायकू आत हुती. पर मी वाचत हुतो आन तुमी हसला. तेवढं लागलं."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. माफ केलं असं म्हणाले नाहीत, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

लासुर्ण्याला उतरून विचारत विचारत गेले. घर उसाच्या कडेला, दोन खोल्यांचं, पुढे पत्र्याची पडवी. सासू, तानूबाई, पडवीत लसूण सोलत होती. मी रक्तपेढीतून आलेय म्हटल्यावर तिने उठून पदर सारखा केला.

"या बाई. तुमच्या रक्तानं सून वाचली माझी."

म्हटलं, नकोशीशी बोलायचंय. तानूबाई मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि चहा टाकते म्हणून मागच्या बाजूला गेली. जाता जाता, माझ्याशी बोलल्यासारखं पण खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जीव वाचला म्हनायचं. आता फुडं तर काय न्हाईच. हिच्या अंगातच दोष, डॉक्टर तरी काय करनार?"

नकोशी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर मुलगी. गालाची हाडं वर आलेली. हे तिने आज पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. सर्व्हर वगैरे म्हटलं नाही. म्हटलं, इंदापूरला रक्त नव्हतं आणि आमच्याकडे ते आहे असं दिसत होतं. ते माझ्या चुकीमुळे. महिपतीकाकांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं आणि केलं नाही. केलं असतं तर सकाळीच पिशव्या पोचल्या असत्या. नंतर मी खोटं बोलले आणि त्यांच्यावर ढकललं. तुझी गर्भपिशवी त्यामुळेच गेली असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण रक्ताला दीड तास उशीर झाला आणि तो माझ्यामुळे.

ती माझ्याकडे बघत होती. मुलगी जागी झाली, तिने थोपटून पुन्हा निजवली.

"म्हंजी रगत येळंवर आलं न्हवतं?"

"नाही."

"आन ते माझ्यामुळं न्हवं."

"नाही. तुझ्यामुळे काहीच नाही."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा जा म्हणेल. दोन्हीची तयारी करून आले होते. नकोशीने मागच्या दाराकडे बघितलं. तिकडे कपबश्यांचा आवाज येत होता. मग माझ्याकडे थोडी वाकून, हळूच, पण अगदी ठामपणे म्हणाली,

"हे आत्याबाईंच्या म्होरं परत एकदा सांगा."

तानूबाई चहा घेऊन आली. मी कप घेतला नाही. उभी राहिले आणि पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं. पहिल्यांदा मी बोलत होते तेव्हा कुठेतरी माझंच ओझं उतरवत होते. या वेळी नकोशी एकेक वाक्य ऐकत होती, काही गळतंय का बघत. एका ठिकाणी मी "नोंद राहिली" म्हटलं तर तिने मधेच म्हटलं, "राहिली न्हवं. तुमी क्येली न्हाय." मी ते वाक्य दुरुस्त करून परत बोलले.

तानूबाई कितीतरी वेळ तशीच उभी होती, ट्रे हातात. शेवटी ट्रे खाली ठेवून नकोशीच्या शेजारी बसली आणि मुलीचं दुपटं उगीचच नीट केलं.

मी निघायला लागले.

"बसा," नकोशी म्हणाली. "हे रानातनं येतील दिवस मावळायला. त्यांना बी तुमच्याच तोंडानं सांगा."

बारामतीची एसटी साडेपाचची होती. ती गेल्याचं पडवीत बसल्या बसल्या ऐकू आलं. तानूबाईने लसणाची सुपली माझ्याकडे सरकवली. मी सोलत बसले.